संग्रहालयातली भाषा कार्यशाळा : शाळांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या शाळा आमच्या छोट्या संग्रहालयात भाषेच्या कार्यशाळेसाठी मुलं घेऊन येतात. येण्याआधी मुख्याध्यापक, मराठीचे शिक्षक आणि अधूनमधून पालकही बहुतेक तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सोपं आधी, अडचणीचं नंतर. घाईत असाल तर ३, ५ आणि १५ एवढे तरी वाचा.

१. भाषेचा तास संग्रहालयात कशाला? वर्गात होत नाही का?

होतो की. पण सहावीतल्या मुलांना विचारून बघा, आई चटणी कशी करते? ‘मिक्सरला लावते.’ दाण्याचा कूट? ‘मिक्सरला लावते.’ ताक? तेही मिक्सरलाच. वाटणे, कुटणे, खलणे, भरडणे, घुसळणे ही सगळी क्रियापदं त्या एका बटणात गेली. व्याकरणाच्या पुस्तकात ती सापडतील, पण यादीतलं क्रियापद तोंडात बसत नाही. आमच्याकडे पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, जातं, खलबत्ता आणि रवी एका ओळीत मांडली आहेत. प्रत्येक वस्तूपुढे उभं राहून हात कसा चालेल ते हवेत करून दाखवायचं, मग त्या हालचालीसाठी शब्द शोधायचा. वरवंटा पुढे-मागे जातो, मुसळ वर-खाली, जातं गोल. तीन हालचाली, तीन क्रियापदं. पाठ करायची गरज उरत नाही.

म्हणींचंही तसंच. ‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात’ ही म्हण मुलांना पाठ असते, तिचा अर्थही पाठ असतो. पण सूप जात्याशेजारी धरून ‘आता या दाण्याचा नंबर कधी?’ असं विचारलं की एखादी मुलगी हमखास ‘अगं बाई!’ म्हणते. त्या ‘अगं बाई’साठी हा सगळा उद्योग.

२. कितवीपासूनची मुलं आणता येतील?

तिसरी ते नववी. तिसरी-चौथीचं काम बहुतेक तोंडी चालतं. सगळ्यात मजा पाचवी ते सातवीला येते. मोडी लिपी आणि शिलालेख (प्रश्न ७ आणि ८) आठवीपासून पुढे. दहावीला आणायचंच असेल तर दिवाळीआधी आणा. नंतर शिक्षकांचं अर्धं लक्ष घड्याळाकडे आणि अर्धं अभ्यासक्रमाकडे असतं.

३. दोन तासांत नेमकं काय करून घेता?

मुलं येण्याआधी आम्ही वस्तूंखालच्या पाट्या कागदाने झाकतो. पाटी दिसली की मुलं वस्तूकडे बघतच नाहीत, पाटी उतरवून घेतात. हा दोष मुलांचा नाही, मोठी माणसंही संग्रहालयात हेच करतात.

मग जोड्या. प्रत्येक जोडीने एक वस्तू निवडायची आणि तिचं नाव न घेता वर्णन लिहायचं. चार शब्दांना बंदी : छान, सुंदर, जुनी, प्राचीन. या चार शब्दांवर आजवर शेकडो सहलवृत्तांत उभे राहिले आहेत. ते काढून घेतले की मुलं पाचेक मिनिटं नुसती बसतात. तेव्हा शिक्षकांनी मध्ये पडू नये, ही कळकळीची विनंती. त्यानंतर ‘खालून काळी, आतून पांढरी’, ‘कडेला दात पडल्यासारखं’, ‘कान आहेत पण एकच’ असं काहीतरी यायला लागतं.

वर्णन मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी वस्तू ओळखायची. एकाच वर्णनात तीन वस्तू बसत असतील तर वर्णन सैल आहे, परत जाऊन बघायचं. विशेषण कशासाठी असतं ते मुलांना इथे कळतं. समोरच्याने चुकीच्या घागरीकडे बोट दाखवलं की विशेषण कमी पडलेलं असतं.

पुढचा अर्धा तास पाटी लिहिण्याचा. २५ शब्द, त्यात वस्तू कशाची, कशासाठी आणि कोणाच्या हातातली हे आलं पाहिजे. मग झाकलेली पाटी उघडून दोन्ही शेजारी ठेवायच्या. एकदा पाचवीतल्या एका मुलाने आमच्या ‘दैनंदिन वापरातील धातूचे पात्र’ या ओळीवर बोट ठेवून विचारलं, “कोणाच्या दैनंदिन?” आम्ही ती पाटी बदलली.

शेवटी मोकळं लेखन. यात ‘मी समई बोलतेय’ छापाचं आत्मवृत्त आम्ही घेत नाही. शाळेत ते पुरेसं होतं, आणि प्रत्येक समईला ‘माझा जन्म एका कारखान्यात झाला’ असंच म्हणावंसं वाटतं. त्याऐवजी ही घागर विहिरीत पडल्याची घरी द्यायची कबुली, अडकित्ता विकायची जाहिरात, रवीवर कोडं किंवा उखाणा.

४. एका वेळी किती मुलं? सोबत किती शिक्षक लागतात?

४० मुलं, २० मुलांमागे एक शिक्षक. यापेक्षा जास्त मुलं असतील तर दोन दिवस घ्या. शिक्षकांनीही मुलांबरोबर बसून लिहायचं आणि वाचून दाखवायचं. बाई किंवा सर खोडतात, अडतात, परत लिहितात हे मुलांनी बघणं कुठल्याही सूचनेपेक्षा जास्त कामाचं.

५. येण्याआधी वर्गात काय तयारी करून घ्यायची?

संग्रहालयाची माहिती सांगू नका, नोट्स तर अजिबात देऊ नका. एकच काम द्या : घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारून, आता वापरात नसलेल्या एका वस्तूचं नाव आणायचं. आजी ज्या भाषेत सांगेल त्याच भाषेत, जसं ऐकलं तसं. ओगराळं, तसराळं, घंगाळ, काथवट, चंची, मापटं असे शब्द दर वेळी येतात आणि दर वेळी एखादा असा येतो की आम्हीच एकमेकांकडे बघतो.

फक्त शब्द आणा, वस्तू आणू नका. एकदा एका मुलाने आजोबांचा अडकित्ता आणला आणि तो आमच्याकडे कुठेतरी राहिला. आठवडाभर शोधत होतो. सापडला, पण तोवर आजोबांचे तीन फोन येऊन गेले होते.

६. कोणते दिवस चांगले? आम्हाला २७ फेब्रुवारीच हवा आहे.

सगळ्यांनाच तो हवा असतो. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन, त्यात नाशिक त्यांचं गाव. त्या दिवशी शहरात कार्यक्रमांची इतकी गर्दी असते की मुलांची बसच सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, अडकते. मराठी २८ तारखेलाही असते. नोव्हेंबर, डिसेंबर आणि फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा उत्तम. त्र्यंबक रस्त्याने येणार असाल तर पौष वद्य एकादशीच्या आसपासचे दिवस टाळा, निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिंड्या रस्त्यावर असतात. १८ मे हा संग्रहालय दिन, पण तेव्हा शाळांना सुट्टी. कोणी ठरवला कोण जाणे!

७. मोडी शिकवता का? एका दिवसात येते का?

येत नाही. स्वतःचं नाव लिहिता येतं आणि जुना कागद बघून छाती दडपत नाही, एवढंच. पण आम्ही मोडी घेतो ती देवनागरीकडे नव्याने बघायला. मोडी लिहिताना आधी ओळभर रेघ आखतात, मग अक्षरं तिला लटकवत जातात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नाहीत. मग वाचणाऱ्याचे हाल काय होत असतील? ते कळावं म्हणून मुलांना देवनागरीतच एक चिठ्ठी देतो : ‘बाजारातजाऊनये’. अर्धा वर्ग वाचतो ‘बाजारात जाऊन ये’, उरलेला अर्धा ‘बाजारात जाऊ नये’. पाच मिनिटं भांडण. शब्दांमधली मोकळी जागा किती कामाची असते, हे मग सांगावं लागत नाही. पूर्ण मोडी शिकायची असेल त्यांच्यासाठी वेगळे वर्ग असतात. आमचा हा उंबरठा.

८. मराठीला अभिजात दर्जा मिळाला आहे, मुलांना पांडवलेणीतले शिलालेख दाखवाल का?

३ ऑक्टोबर २०२४ नंतर हा प्रश्न फार येतो. दाखवतो, पण आठवीपासून पुढे आणि स्वतंत्र दिवशी, सकाळी लवकर. पायऱ्यांची चढण आहे, पाण्याची बाटली हवीच.

आधी एक खुलासा. पांडवलेणी ही नाशिकजवळच्या डोंगरातली बौद्ध लेणी, आणि तिथले लेख ब्राह्मी लिपीत आणि मुख्यतः प्राकृतात आहेत. ते ‘मराठीत’ आहेत असं शाळेच्या फलकावर लिहू नका. मराठीशी त्यांचं काही नातं नाही असंही म्हणू नका. नातं कसलं, ते कानानेच ऐकू येतं. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. लेण्यात पावसाळ्यात राहणाऱ्या २० भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर खर्चासाठी त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या संघांकडे कायमची ठेव ठेवली. वस्त्रांसाठी एका संघाकडे २,००० कार्षापण (तेव्हाची नाणी), महिना शेकडा १ व्याजाने. दुसऱ्याकडे १,०००, त्यावरचं व्याज लेखात ‘पायून’ म्हटलं आहे. मुलांना हा शब्द दोनदा म्हणायला लावतो. तिसऱ्यांदा कोणीतरी ओरडतं, “पाऊण!” हो, शेकडा पाऊण. प्रत्येक भिक्षूला वर्षाला किती? ‘बारसक’. तेही सांगावं लागत नाही. मग फळा नसताना गणित सुरू होतं : २,००० वर महिना २०, वर्षाचे २४०. आणि २० भिक्षू गुणिले १२? २४०. एकोणीसशे वर्षांपूर्वीची एफडी बरोबर जुळते. ‘गोवर्धन’ म्हणजे गंगापूर रस्त्यावरचं आपलं गोवर्धन, हे कळल्यावर तिकडून येणारी मुलं छाती काढून खाली उतरतात.

तिसऱ्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख समासासाठी घेतो. नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी आजीने दिवंगत मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं, कौतुक दगडात कोरून ठेवलं. त्यातला एक शब्द ‘तिसमुदतोयपीतवाहन’, म्हणजे ज्याची वाहनं तीन समुद्रांचं पाणी प्याली तो. मुलांनी याच चालीवर आपल्या आईचं कौतुक एका शब्दात करायचं. ‘पहाटपाचलाउठूनतीनडबेभरणारी’ हा शब्द सिडकोतल्या एका मुलाचा. गौतमी बलश्रीला आवडला असता.

अठराव्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात, ‘नासिककनं’ असा शब्द आहे. नासिककरांच्या धंभिक नावाच्या गावाचं दान. आपल्या गावाचं नाव दन्त्य ‘स’ने. ‘नाशिक’ की ‘नासिक’ यावर परतीच्या बसमध्ये वाद घालायला हरकत नाही. डोंगराचं नाव लेखांत ‘तिरण्हु’ आहे, त्याचंच आज त्रिरश्मी. आणि गुहेला लेखात ‘लेण’च म्हटलं आहे. तो शब्द आपण अजून सोडलेला नाही. पांडव मात्र मागाहून राहायला आले.

अक्षरांना हात लावणं, खडू फिरवणं, कागद ठेवून पेन्सिल घासणं पूर्ण बंद. हे संरक्षित स्मारक आहे. कागदावर बघून काढायचं.

९. नाण्यांवरून भाषा शिकवता येते का?

उत्तम. जागा कमी आणि सांगायचं फार, म्हणजे ठशाला लेखनिकाचं सगळं कसब लागतं. नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्या आहेत. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभीला अशी १३,००० हून जास्त नाणी एका ठेव्यात सापडली. त्यातल्या निम्म्याहून कितीतरी जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. खोडून वर लिहिणं! मुलांना हे लगेच समजतं, त्यांच्या वह्या तशाच असतात. नाण्यांचा पूर्ण दिवस करायचा असेल तर अंजनेरीचं नाणी संशोधन केंद्र आणि तिथलं संग्रहालय गाठा. आमच्याकडे नाणी थोडीच आहेत.

१०. आमची मुलं घरी अहिराणी किंवा कोकणा बोलतात. त्यांना जमेल का?

त्यांच्यामुळेच कार्यशाळा जमते. सटाणा, कळवण, मालेगावकडची मुलं आली की वस्तूंची नावं दुपटीने वाढतात. पेठ-सुरगाण्याची मुलं बोहाड्याच्या (मुखवटे घालून नाचायच्या आदिवासी उत्सवाच्या) मुखवट्यांपुढे उभी राहिली की आम्ही गप्प बसतो. कोणता मुखवटा कोणाचा, तो कसा नाचतो, कोणाच्या आधी कोण येतो, हे त्यांना आमच्या पाटीपेक्षा जास्त माहीत असतं. पहिलं लेखन घरच्या भाषेत करायचं. मग त्याच मुलाने शेजारच्याला ते मराठीत समजावून सांगायचं. हे भाषांतर, आणि फार अवघड काम आहे. ते नेहमी त्याच मुलांच्या वाट्याला येतं आणि त्याचे गुण कोणी देत नाही.

एक गोष्ट शिक्षकांसाठी. अहिराणीत ‘ळ’च्या जागी बहुधा ‘य’ येतो, शाळेची ‘शाया’ होते, डोळ्याचा ‘डोया’. वहीत ‘शाया’ लिहिणाऱ्या मुलाने कानाने ऐकलेलं अचूक लिहिलेलं असतं. त्याला लाल रेघ मारण्याआधी हे आठवा. प्रमाण मराठीत ‘ळ’ आहे हे त्याला सांगायचंच, पण त्याचं चुकलं असं न सांगता.

११. आमची शाळा इंग्रजी माध्यमाची आहे. उर्दू माध्यमाची असेल तर?

इंग्रजी माध्यमाची मुलं पहिली वीस मिनिटं इंग्रजीत लिहितात, लिहू देतो. मग ‘दिस इज अ पॉट’वर गाडी अडते. घागर, कळशी, हंडा, घडा, माठ, लोटा सगळेच पॉट! इथे त्यांना मराठीची गरज पडते, आणि गरजेपोटी घेतलेला शब्द टिकतो.

उर्दू माध्यमाच्या मुलांना जुने कागद द्या. देवनागरीत लिप्यंतर करून दिलेल्या पत्रात जमीन, अर्ज, वसूल, तारीख, दप्तर हे शब्द त्यांना मराठी माध्यमाच्या मुलांआधी दिसतात. दोन्ही शाळांचा एकत्र गट करता आला तर फारच छान.

१२. मुलांचं शुद्धलेखन तपासता का?

कार्यशाळेत नाही. पाटी भिंतीवर लावायची वेळ आली की मुलं स्वतःच विचारायला येतात, कारण ती चारचौघं वाचणार असतात. तेव्हा नियम सांगतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नव्हतं, मग आम्हालाच का, असा प्रश्न एकदा आला होता. उत्तराला वेळ लागला. (घरच्या बोलीतल्या रूपांबद्दल प्रश्न १० पाहा.)

१३. एकाच वस्तूची मुलांनी तीन नावं सांगितली. बरोबर कोणतं?

तांब्या, गडू, चंबू. पेला, फुलपात्र, भांडं. आमच्याकडे एक पितळी भांडं आहे, त्याच्या नावावर आजवर एकमत नाही. शेवटी जुन्या नाशकातल्या तांबट आळीत एका कारागिरांना दाखवलं. ते म्हणाले, “गिऱ्हाईक ज्या नावाने मागेल ते.” आम्ही पाटीवर तिन्ही नावं आणि ती कुठल्या भागातून आली ते लिहिलं. मुलांनी चौथं आणलं तर पेन्सिलने वाढवतो. मात्र ‘सगळंच बरोबर’ असंही नाही : समईला निरांजन म्हटलं तर चूकच.

१४. मूर्तीसमोर मुलं चपला काढून हात जोडतात. त्यांना काय सांगायचं?

काही नाही. नमस्काराला ना नाही, पण फूल, हळदकुंकू आणि नाणं ठेवू देत नाही, दगड खराब होतो. लिहिताना देवाची गोष्ट सांगायची नाही, समोर दिसतं तेवढंच. कोणत्या हातात काय, कोणता हात तुटला, पाय कसा दुमडला. एखाद्या मुलाला घरच्या श्रद्धेमुळे मूर्तीवर लिहायचं नसेल तर दुसरी वस्तू घ्यावी, कारण विचारत नाही. तलवारींवर लिहिणारी मुलं थेट लढाईवर जातात. त्यांना आधी वजन आणि मूठ यांवर तीन ओळी लिहाव्या लागतात.

१५. शुल्क, डबा, फोटो, बस?

शुल्क साहित्यापुरतं. जिल्हा परिषद, महापालिका आणि आश्रमशाळांना तेही नाही. पेन नको, पेन्सिल आणा; शाईचा डाग वस्तूवरून निघत नाही. डबा मागच्या अंगणात. मिसळ खाऊन थेट आलेला वर्ग झोपतो, हा अनुभव आहे. मुलांचे मोबाईल बसमध्ये, शिक्षकांनी फ्लॅशशिवाय फोटो काढावेत. मोठी बस आमच्या गल्लीत वळत नाही, मुलांना कोपऱ्यावर उतरवा.

१६. वर्गात एक दृष्टिहीन मुलगी आहे, आणि दोघांना वाचायला फार त्रास होतो. त्यांना शाळेत ठेवून यायचं का?

कृपा करून नको. आधी कळवा, म्हणजे जातं, सूप, मापं अशा हाताळता येण्यासारख्या वस्तू वेगळ्या मांडून ठेवतो. डोळ्यांवर पट्टी बांधून वस्तू ओळखण्याचा खेळ आम्ही आधी घ्यायचो. तो बंद केला. ज्यांना दिसतं त्यांची करमणूक व्हायची आणि त्या मुलीला अवघडल्यासारखं. आता सगळेच हाताने बघतात, डोळे उघडे ठेवून, आणि स्पर्शाचे शब्द तिच्याकडून शिकतात. वाचायला त्रास होणाऱ्या मुलांनी सांगायचं, जोडीदाराने लिहायचं. पाटीवर नावं दोघांची.

१७. नंतर शाळेने लिखाण पूर्ण करून पाठवलं, पण ते मुलांचं वाटत नाही, असं तुम्ही कळवलंत. असं का?

कारण त्यात ‘आपल्या समृद्ध सांस्कृतिक वारशाचे प्रतीक’ होतं आणि घागरीला पडलेला पोचा नव्हता. ते पालकांनी लिहिलं, शिक्षकांनी सुधारलं की मोबाईलमधल्या एआयने, यात आम्ही पडत नाही. म्हणून आता मूळ पेन्सिलीचा कागद आमच्याकडेच राहतो, शाळेला त्याची झेरॉक्स मिळते. शाळेच्या अंकात छापायचं तर झेरॉक्सवरून, मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने. वाक्य सुधारायचं असेल तर ते मुलानेच सुधारावं. निवडक पाट्या तीन महिने वस्तूखाली, आमच्या पाटीशेजारी लावतो. मुलांनी घरच्यांना घेऊन येऊन त्या दाखवाव्यात. त्या दिवशी तिकीट नाही, दारावर आपण लिहिलेल्या वस्तूचं नाव सांगायचं.